थकलेल्या हातांसाठी सायकल लावा: एंड्युरोवरचे वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एंड्युरो रेसिंगवर, म्हणजे डोंगरातल्या सायकल शर्यतींवर, लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला, खरं सांगतो इतक्या लोकांना या खेळाचं वेड आहे हे मलाही माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं जागेत बसणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढे घेतो.

प्रश्न: डाउनहिल आणि एंड्युरो, दोन्हीत वेळ उतारावरच मोजतात, मग एंड्युरोला वेगळी सायकल कशाला लागते? (एक वाचक, कोल्हापूर)

डाउनहिलला वर जायला लिफ्ट किंवा गाडी असते, खाली एकच ट्रॅक, तीन ते पाच मिनिटांत रेस संपली. एंड्युरोत दिवसभरात चार-पाच-सहा वेगवेगळे उतार असतात, त्यांना स्टेज म्हणतात. प्रत्येक स्टेजची वेळ घेऊन बेरीज करतात आणि एक स्टेज संपली की पुढच्या स्टेजच्या तोंडाशी बहुतेक वेळा स्वतः पॅडल मारत चढून जायचं. चढाची वेळ निकालात धरत नाहीत, पण ठरलेल्या वेळेला वर पोचला नाहीत तर पेनल्टी बसते. त्यात रस्त्यात पंक्चर झालं किंवा चेन तुटली तर आपलं आपण बघायचं, मेकॅनिक फक्त ठरलेल्या जागीच हात लावू शकतो. म्हणून सायकल चढता येईल इतकी हलकी हवी आणि दगडात टिकेल इतकी दणकट पण हवी. आजची प्रो सायकल म्हणजे पुढे १६० ते १७० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबतं ते), मागे साधारण १५० ते १७०, आणि हेड अँगल, म्हणजे पुढचा फोर्क जमिनीशी करतो तो कोन, ६४ डिग्रीच्या आसपास.

एंड्युरो वर्ल्ड सिरीज २०१३ मध्ये इटलीत पुंता आला या गावी सुरू झाली, पहिला राउंड फ्रान्सच्या फाब्यां बारेलने जिंकला, आणि २०२३ पासून तीच मालिका यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेचा एंड्युरो वर्ल्ड कप म्हणून चालते. खाली एंड्युरोचं टायटल आणि राउंड येतील ते याच मालिकेचे, गोंधळू नका, नाव बदललं तरी मालिका एकच आहे.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, क्लिप पॅडल घ्यायला पैसे साठवतेय. सगळे म्हणतात प्रो व्हायचं तर क्लिप हवेच. खरंय का? (एक वाचक, नाशिक)

बाकीच्यांसाठी सांगतो, क्लिप पॅडल म्हणजे ज्यात बूट अडकवून बसतो ते, आणि फ्लॅट म्हणजे साधं सपाट पॅडल. तुझा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण याचं उत्तर एका माणसाच्या कामात आहे. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल. डाउनहिलचा तीन वेळचा एलिट वर्ल्ड चॅम्पियन, २००७, २००९ आणि २०१०. तो एंड्युरोत आला तेव्हा बऱ्याच लोकांचं म्हणणं असं की फ्लॅट पॅडलवर डाउनहिल ठीक आहे पण दिवसभर पॅडल मारायचं, थकल्यावर खडबडीत जागी पाय पॅडलवरून उडणार, इथे काही चालायचं नाही. आणि मग हा माणूस २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं ओव्हरऑल टायटल घेऊन गेला, फ्लॅट पॅडलवर, आणि बाजूला उभे असलेले जवळजवळ सगळे क्लिपवाले. पहिल्या टायटलच्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता.

आता यातून फ्लॅट पॅडल भारी असा अर्थ काढू नकोस. हिलचा पाय पॅडलवर का टिकतो ते बघ. टाच खाली गेलेली असते, गुडघे सैल, वजन हातावर नाही तर पायावर, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला पाय पॅडलमध्ये आणखी दाबला जातो. बूट मऊ रबराच्या तळव्याचा, पॅडलला उंच पिना. घसरट वळणात तो आतला पाय काढून बाहेर धरतो आणि परत ठेवतो, क्लिपवाल्याला तेवढ्या वेळात जोडा-सोडा करावं लागतं. उलट क्लिपचा फायदा असा की दगडांच्या लांब पट्ट्यात पाय हलतच नाही आणि पॅडल मारताना डोक्यात विचार राहत नाही, म्हणूनच बहुतेक प्रो क्लिप वापरतात.

तुला माझा सल्ला, साठवलेल्या पैशातून आधी चांगले फ्लॅट पॅडल आणि मऊ तळव्याचे बूट घे, आणि एक वर्ष त्यावरच चालव. क्लिपवर पाय बांधलेला असला की सायकल उचलताना आपण पायाने ओढतो, खरं उचलायला शिकतच नाही, आणि चुकीची सवय वर्षानुवर्षं लपून राहते. फ्लॅटवर चूक केली की पॅडल नडगीला लागतं, त्यामुळे लगेच कळतं, तेव्हा नडगीचे पॅड पण घे बरं का. एका वर्षाने क्लिप घ्यावेसे वाटले तर घे, तेव्हा ते तुझ्या मदतीला असतील.

प्रश्न: उतारावर दहा मिनिटांत हात इतके भरून येतात की ब्रेक दाबता येत नाही. जिमला जाऊन ग्रिप वाढवली तरी फरक नाही. (एक वाचक, सातारा)

जवळपास वीस पत्रांत हाच प्रश्न आहे म्हणून याला जास्त जागा देतो.

हात भरून येतात म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू सतत आवळलेले राहिल्यामुळे फुगतात, त्यातलं रक्त नीट फिरत नाही, मग बोटं ऐकत नाहीत. प्रो लोकांनाही होतं. कॅनडात व्हिसलरला टॉप ऑफ द वर्ल्ड नावाच्या ट्रेलवर एंड्युरोची स्टेज व्हायची, डोंगराच्या माथ्यापासून गावापर्यंत, एका दमात पंधरा मिनिटांहून जास्त उतार, आणि तीही दिवसाच्या शेवटी. अशा जागी ताकद जास्त असलेला माणूसही आवळून धरून पोचत नाही, त्यामुळे जिमने फरक पडला नाही यात तुमचं काही चुकलं नाही. आवळायला लागतं ते का लागतं हे शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा सायकलमध्ये किंवा उभं राहण्यात सापडतं.

आधी ब्रेक. लिव्हर आत आणा, एकाच बोटाने दाबता येईल असं, बोटाचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकाला यायला पाहिजे. लिव्हर फार खाली झुकवलेला असेल तर मनगट मोडतं, थोडा वर घ्या. मागच्या पुढच्या दोन्ही डिस्क १६० मिलिमीटरच्या असतील तर तुम्ही हाताने कॅलिपरचं, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या भागाचं, काम करताय, निदान पुढे २०० किंवा २०३ ची लावा. प्रो सायकलींवर बहुतेक वेळा दोन्हीकडे २०० किंवा त्याहून मोठ्या असतात, आणि ब्रेक चार पिस्टनवाले. ब्रेक ऑइल जुनं झालेलं असेल आणि लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर ब्लीड करून घ्या, म्हणजे तेल बदलून आतली हवा काढून घ्या, याला हजाराच्या आत खर्च येतो आणि एवढ्यानेच निम्म्या लोकांचं काम होतं असा माझा अनुभव आहे.

मग सस्पेन्शन. सॅग म्हणजे तुम्ही पूर्ण सामानासकट, पाणी हेल्मेट पॅड सगळं घालून, सायकलवर उभे राहिल्यावर ती किती बसते ते. फोर्कला, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनला, १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला ३० च्या आसपास. १६० च्या फोर्कला २० टक्के म्हणजे ३२ मिलिमीटर, आणि शॉकचा स्ट्रोक ६० असेल तर १८. रबरी ओ-रिंग खाली सरकवून, हळू चढून, हळू उतरून मोजा, मोबाईलवरच्या चार्टवर विसंबू नका. मी स्वतः वापरलेला फोर्क घेतला होता, आधीचा मालक माझ्यापेक्षा पंधरा-वीस किलोने जड, आणि मी दोन पावसाळे त्याच हवेवर चालवला आणि हातांना दोष देत राहिलो. एका मित्राने पंप लावला तेव्हा कळलं.

यात लोक सगळ्यात जास्त चुकतात ते रिबाउंडला. धक्का बसल्यावर फोर्क किती वेगाने परत वर येतो ते रिबाउंड. नवीन माणूस घाबरून तो हळू करतो, पार्किंगमध्ये दाबून बघितलं की छान वाटतं, पण खडकात एकामागून एक धक्के आले की फोर्कला परत यायला वेळच मिळत नाही, तो खाली खाली बसत जातो आणि शेवटी दगडी होतो, मग सगळे धक्के मनगटात. रिबाउंडचा नॉब दोन क्लिक जलद करून बघा. हँडल हातातून उडायला लागलं तर एक क्लिक मागे. आणि एकावेळी एकच गोष्ट बदला, तोच दोन मिनिटांचा उतार परत परत उतरा आणि वहीत लिहा. जेसी मेलामेडसारखा २०२२ चा चॅम्पियन सुद्धा सेटिंगवर असाच सतत काम करत असतो, त्यात लाज कसली.

आणि उभं राहणं. घाबरलं की माणूस मागे मागे जातो, पार्श्वभाग टायरवर, हात सरळ ताणलेले, त्या स्थितीत हँडलला लटकल्यासारखं होतं आणि पकड सुटूच शकत नाही. कंबरेतून वाका, छाती थोडी खाली, कोपर बाहेर, वजन पायात. कसोटी सोपी आहे, चालू उतारावर सोप्या जागी बोटं हँडलवरून सैल सोडून बघा, तोल गेला तर तुम्ही हातावर उभे आहात.

हे सगळं मी सकाळी ताजेतवाने असताना करा असं म्हणत नाही. दोन तास चालवून झाल्यावर, पाय जड झाल्यावर करा. डाउनहिलवाला ताज्या हातांनी चार मिनिटं उतरतो, एंड्युरोवाल्याला पाचव्या स्टेजला पाच तासांनी उतरायचं असतं. सकाळी झकास वाटणारी कडक सेटिंग दुपारी माणसाला खाऊन टाकते.

प्रश्न: २९ चांगलं की मलेट? माझ्या २९ च्या सायकलला मागे लहान चाक बसवू का? (एक वाचक, पुणे)

मलेट म्हणजे पुढे २९ इंची चाक, मागे २७.५. यूसीआयने वेगवेगळ्या मापाच्या चाकांना २०१९ मध्ये परवानगी दिली आणि तेव्हापासून ते पसरलं. मोठं पुढचं चाक दगडांवरून लोळत जातं, लहान मागचं चाक तीव्र उतारावर पार्श्वभागाला लागत नाही आणि वळणात पटकन फिरतं. उंचीने कमी असलेल्यांना फायदा जास्त.

पण नुसतं चाक बदलू नका. दोन रिमच्या व्यासात ३८ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे मागचा एक्सल १९ ने खाली येणार, त्यामुळे बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो ती जागा) साधारण १२ मिलिमीटर खाली जाईल आणि हेड अँगल जवळजवळ एक डिग्री पडेल. आपल्याकडच्या कातळावर मग पॅडल आपटत राहील, चढाला पुढचं चाक भरकटेल. फ्रेमला फ्लिप चिप (उलटी बसवून फ्रेमचे कोन बदलायचा तुकडा) असेल किंवा कंपनी मागच्या सस्पेन्शनची वेगळी लिंक देत असेल तरच करा. आणि एक लक्षात घ्या, २०१८ ला सगळे २९ कडे पळत असताना हिल २७.५ वरच टायटल जिंकत होता. चाकासाठी पैसे घालवण्याआधी टायर बघा.

प्रश्न: मग टायर कोणते आणि हवा किती? (हाच वाचक, आणि ठाणे, नागपूर, पणजीचे आणखी तिघं)

पुढे सगळ्यात मऊ रबर आणि मोठे खुंट, मागे थोडं कडक रबर म्हणजे लवकर झिजत नाही आणि पॅडल मारताना ओढत नाही. मॅक्सिस या टायर कंपनीच्या भाषेत पुढे असेगाय मॅक्सग्रिप, मागे मिनियन डीएचआर टू मॅक्सटेरा, ही जोडी तुम्हाला प्रो सायकलींवर सारखी दिसेल. त्याहून महत्त्वाचं केसिंग, म्हणजे टायरची भिंत. हलकी भिंत घेतली की रिम वाचवायला हवा जास्त भरावी लागते, जास्त हवेने टायर उड्या मारतो, आणि परत हात भरून येतात. प्रो लोक जाड डाउनहिल केसिंग वापरतात, एक टायर सव्वा किलोच्या वर जातो, आणि चढावरचं ते वजन ते मुकाट सहन करतात कारण एक पंक्चर म्हणजे आख्खा सीझन जाऊ शकतो. मागच्या रिममध्ये फोमचा इन्सर्ट पण टाकतात.

आपण मॅक्सिसच्या डबलडाउनसारखी मधली भिंत घेतली तरी पुरे. ट्यूबलेस करा. सत्तर किलोचा माणूस असेल तर पुढे २२-२३, मागे २५-२६ पीएसआयने सुरुवात करा आणि एकेक पीएसआयने फिरा, गेज मात्र एकच वापरा कारण दोन गेज कधी सारखं दाखवत नाहीत. पावसाळ्यानंतर मुरूम सुटा होतो तेव्हा एक पीएसआय कमी.

प्रश्न: प्रो रायडरचा फॉर्म जातो म्हणजे काय होतं? रिची रूड मध्येच कुठे गेला होता? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अमेरिकेचा रूड २०१३ ला डाउनहिलचा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, मग एंड्युरोत २०१५ आणि २०१६ चं टायटल, आणि तिसरं टायटल थेट २०२३ ला. मधल्या वर्षांत वेग गेला होता असं मला नाही वाटत, स्टेज तर तो जिंकतच होता. टायटल वर्षभराच्या पॉइंटवर ठरतं, आणि रेस सगळ्या स्टेजच्या बेरजेवर, त्यामुळे सहापैकी पाच स्टेज जिंकल्या आणि सहाव्यात एकदा पडला किंवा टायर फुटला की संपलं. सगळ्यात वेगवान माणूस आणि चॅम्पियन यात इथे बराच फरक असू शकतो.

म्हणूनच मला फ्रान्सच्या सेसिल राव्हानेलचं २०१८ चं वर्ष थक्क करतं, आठच्या आठ राउंड जिंकली ती. त्याच वर्षाच्या शेवटी मानेला गंभीर दुखापत झाली. आणि इतकी वर्षं तिच्या मागे राहिलेली इझाबो कुर्दुरिए, तीही फ्रान्सचीच, तिने २०१९ ला परत आठच्या आठ जिंकले. मागे राहण्याच्या वर्षांत ती काय काय शिकत होती हे त्या एका सीझनमध्ये दिसलं. आणि बारेल, ज्याचं नाव वर आलं, २०१४ ला चिलीत पहिल्याच राउंडला पाठीचा मणका मोडला आणि ऑक्टोबरमध्ये इटलीत फिनाले लिगुरेला शेवटचा राउंड जिंकला. मला हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

प्रश्न: माझ्याकडे १२० मिलिमीटरची हार्डटेल आहे, यावर एंड्युरो शिकता येईल का? (एक वाचक, चिपळूण)

येईल, आणि हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, चांगलं येईल. पुढचा टायर मऊ रबराचा, ड्रॉपर सीटपोस्ट (बटण दाबून सीट खाली करता येते असा दांडा), आणि पुढची डिस्क मोठी, एवढं करा. फोर्कला किती मोठी डिस्क चालते ते आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, प्रत्येक फोर्कला मर्यादा असते. मागे इन्सर्ट टाका कारण हार्डटेलवर मागची रिमच आधी जाते. गुडघ्याचे पॅड आणि फुल फेस हेल्मेटशिवाय उतरू नका, आणि टेकडीवर सकाळी फिरायला येणारी माणसं असतात तिथे वेळ लावायला जाऊ नका.