कायदा आणि आपण : कपाटातील गांजाची रोपे

प्रश्न : मुलुंडमधील आमची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या बहिणीचा वीस वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतो. गेल्या आठवड्यात त्याच्या खोलीतील जुने चपलांचे कपाट उघडले, तेव्हा आत चंदेरी कागद, एलईडी दिवे, संगणकातला पंखा आणि कुंड्यांमध्ये वीतभर उंचीची तीन रोपे दिसली. ती गांजाची असल्याचे त्याने लपवले नाही. ‘ही फक्त माझ्यापुरती आहेत, बाहेर कोणाला कळत नाही, होळीला भांग उघड मिळते, परदेशात तर घरी लावायला परवानगी आहे,’ असे तो म्हणतो. हा खरोखर गुन्हा आहे का? माझ्यावर काही येईल का? मी रोपे उपटून टाकू का, आणि बहिणीला सांगू का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आहेत, आणि ती मी मुद्दाम सुरुवातीलाच देत आहे, कारण या विषयात घरातील माणसे ‘मुलगा चांगला आहे, सोडून देईल’ या आशेवर महिने घालवतात.

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा, ज्याला सर्वजण एनडीपीएस म्हणतात, त्याच्या आठव्या कलमाने गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई केली आहे आणि विसाव्या कलमात त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. आपल्या भाच्याचा गैरसमज नेमका येथे आहे. जवळ गांजा सापडला तर त्याच्या वजनावर शिक्षा ठरते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो आणि त्यासाठी शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. ही पायरी लागवडीला नाही. झाडे तीन आहेत की तीनशे, ती शेतात आहेत की कपाटात, स्वतःसाठी आहेत की विक्रीसाठी, याचा विचार न्यायाधीश शिक्षा किती द्यावी हे ठरवताना करतील; गुन्हा मात्र रोप लावल्याने घडलेला असतो. दार बंद असणे आणि शेजाऱ्यांना न कळणे हा कायद्याच्या दृष्टीने बचाव ठरत नाही.

भांगेचा मुद्दा थोडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण सुशिक्षित लोकही त्यात फसतात. कायद्याने गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे किंवा फळे धरलेले शेंडे अशी केली असून, शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पानांपासून होणारी भांग त्यामुळे केंद्रीय कायद्याच्या या व्याख्येबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे जाते. परंतु ‘झाड’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे आणि तीत कॅनॅबिस प्रजातीची कोणतीही वनस्पती येते. म्हणून फुलोरा न आलेले वीतभर रोपही लागवडीच्या कलमाखाली येते. उत्तराखंडात २०१८ पासून परवाना घेऊन जी लागवड होते, ती धागा आणि बियांसाठी, नशेचा घटक ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वाणांची आहे. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी मोजकी झाडे लावण्याची मुभा दिली, हे भाचा म्हणतो ते खरे आहे. मात्र मुलुंडच्या घरात त्या मुभेचा काहीही उपयोग नाही.

आता आपल्याविषयी. कलम २५ सांगते की, घराचा मालक किंवा ताबेदार आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देत असेल, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यालाही लागू होते. यातील ‘जाणूनबुजून’ हा शब्द निर्णायक आहे. कपाट उघडेपर्यंत आपल्याला माहिती नव्हती. ते उघडल्या दिवसापासून आहे, आणि पुढचा प्रत्येक दिवस आपण गप्प राहिलात, तर त्याचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो.

रोपे उपटून टाका, असे मी छापील उत्तरातून सांगू शकत नाही, कारण गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. ती तशीच राहू द्या, असे तर मुळीच सांगणार नाही. आपण भाच्याला सोबत घेऊन दोन दिवसांच्या आत फौजदारी वकिलाला प्रत्यक्ष भेटावे आणि पुढचे पाऊल त्यांच्या सल्ल्याने टाकावे. झालेल्या गोष्टीविषयी आपण वकिलाला जे सांगाल, ते गोपनीय राहते. फीची चिंता असल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तोपर्यंत ते दिवे व पंखा बंद ठेवावेत. दमट लाकडी कपाटात घरगुती जोडणीवर चोवीस तास वीज चालू ठेवणे ही आगीला दिलेली संधी आहे, आणि मुंबईच्या इमारतीत आग एका घरापुरती राहत नाही.

भाचा स्वतः गांजा ओढतो का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ओढत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेणे वकिलाइतकेच तातडीचे आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवता येईल, किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर त्याला स्वतःला बोलू द्यावे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण केल्यास सेवन व अल्प प्रमाण या गुन्ह्यांच्या खटल्यातून तिला संरक्षण मिळू शकते. लागवडीलाही ते आपोआप मिळेल, असे गृहीत धरू नये. तरीही उपचारांची नोंद कोणत्याही न्यायालयात त्याच्या बाजूनेच उभी राहील.

बहिणीला सांगण्याचे बंधन कायदा आपल्यावर घालत नाही, कारण मुलगा सज्ञान आहे. माझे वैयक्तिक मत मात्र असे की, वकिलाची भेट झाल्यावर त्यानेच आपल्यासमोर आईला फोन करून सांगावे. उद्या ही बातमी तिला पोलीस ठाण्यातून कळली, तर ‘तुझ्या घरात असताना तू मला का सांगितले नाहीस?’ या तिच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल.