गाव वसवणाऱ्या पाटील घराण्याचा जुना इतिहास कुठे शोधावा?

आधी तहसील कार्यालयातून जुने कडईपत्रक (जमीनधारकांची जुनी नोंद), फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा. १९६३ साली पाटीलकी वतन (पाटीलपदाचा वंशपरंपरागत हक्क) गेले. त्या वेळच्या फेरफारात वतनदारांची नावे सापडतात. त्यामागे जायचे तर पुण्याचे पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांचा संग्रह. कागद मोडी लिपीत, म्हणून वाचणारा सोबत हवा. शोध 'पाटील' नावाने घेऊ नका. ते पद आहे, जुन्या कागदात मूळ आडनाव आणि 'मोकदम मौजे अमुक' (अमुक गावचा पाटील) असे येते. सालही फसवते: जुन्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा, मग इसवी सन येतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या जुळतात. महजरावर (वतनाच्या वादातल्या जुन्या निवाडापत्रावर) मात्र डोळे झाकून विश्वास नको. वडीलपणाच्या (थोरल्या शाखेच्या मानाच्या) भांडणात प्रत्येक तक्षीम (वतनात वाटा असलेली शाखा) मूळ पुरुष आपलाच सांगते!