परीक्षा सोडून गाण्याच्या मागे जावे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा बारावीत आहे, जन्मजात अल्बिनिझममुळे (त्वचा, केस व डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी असण्याच्या स्थितीमुळे) त्याची दृष्टी अधू आहे आणि पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे गायक सलिफ कैता यांच्याविषयी वाचल्यापासून तो परीक्षेला न बसता गाण्यासाठी मुंबईला जायचे म्हणतो आहे, असे आपण लिहिले आहे. आदर्श त्याने उत्तम निवडला. मात्र त्या आयुष्याचा मधला भाग त्याने घाईने वाचलेला दिसतो.

कैता यांचा जन्म 1949 साली जोलिबा गावी, माली साम्राज्याचे संस्थापक सुंदियाता कैता यांच्या कुळात झाला. अल्बिनिझम तिथे अपशकुनी मानले जाई आणि गाणे हे ‘जेली’ या वंशपरंपरागत गायकांचे काम असल्याने राजकुळातल्या मुलाने ते करणे घरच्यांना कमीपणाचे वाटे. तरीही शाळा त्यांनी गाण्यासाठी सोडलेली नाही. त्यांना शिक्षक व्हायचे होते. अधू दृष्टीमुळे ते दार बंद झाले, तेव्हा 1967 मध्ये ते राजधानी बामाकोला जाऊन कॅफेंमधून गाऊ लागले.

1970 मध्ये ते रेल बँडमध्ये ‘लागले’. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण रेल्वेच्या आश्रयाने चालणारा तो वाद्यवृंद बामाको स्टेशनच्या हॉटेलात वाजवी आणि तिथे क्यूबन धाटणीच्या नाचाच्या गाण्यांपासून मांदिंग या तिथल्या लोकांच्या परंपरेतल्या गीतांपर्यंत सगळे गावे लागे. पुढे दुसरा बँड, मग शेजारच्या आयव्हरी कोस्टमधले आबिजान, 1984 मध्ये पॅरिस, आणि ‘सोरो’ या अल्बमने जगभर नाव झाले ते 1987 मध्ये, म्हणजे स्टेशनातल्या त्या कामानंतर सतरा वर्षांनी. मुंबईतल्या खोलीचे भाडे इतकी वर्षे कोण भरणार, याचा हिशेब चिरंजीवांनी बहुधा केलेला नसावा.

शिवाय कैता यांना मिळाले नाही ते आपल्या मुलाला कायद्याने मिळू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के पदे राखीव असतात. नोकऱ्यांतल्या त्या 4 टक्क्यांपैकी 1 टक्का पदे अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी असतात. प्रमाणपत्र काढले नसेल तर याच महिन्यात काढावे, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसाठीही कॉलेजमार्फत अर्ज करता येईल.

बारावीनंतर संगीत विषय घेऊन बी.ए. करण्यास माझी हरकत नाही. तोवर गावातल्या ऑर्केस्ट्रात किंवा भजनी मंडळात त्याने दर आठवड्याला गावे, शक्यतो मानधन घेऊन. सहा महिन्यांनी त्यानेच मला लिहावे: किती वेळा गायलो, कोणासमोर गायलो आणि पुन्हा कोणी बोलावले.