दरवेळी एकच मॉस्फेट उडत असेल तर पंखा आणू नका

इलेक्ट्रिक सायकलच्या मोटर कंट्रोलरबद्दलच्या तुमच्या पोस्टमधलं "दोन्ही वेळा निळ्या फेजचाच खालचा मॉस्फेट गेला" हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. (नवख्यांसाठी: मॉस्फेट म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. कंट्रोलरमध्ये असे सहा. मोटरच्या तीन वायरी म्हणजे फेज, प्रत्येकीला एक वरचा, बॅटरीच्या प्लसकडचा, आणि एक खालचा, मायनसकडचा.) माझ्या ४८ व्होल्टच्या सायकलवर हा प्रकार तीनदा झालाय. फरक एवढाच, की माझी फेज पिवळी होती.

सोल्डरिंग, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरलीय ते सांगणाऱ्या) वायरी हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही. मोठा हीटसिंक (उष्णता खेचणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा) आणि पंखा लावायचा तुमचा बेत मात्र थांबवा. निव्वळ उष्णतेनं जायचा असता तर सहातला कुठलाही गेला असता. सारखा त्याच जागेवरचा जातो, म्हणजे खोट त्या जागेत आहे. आयआरएफबी ४११० या मॉस्फेटचा ऑन रेझिस्टन्स, म्हणजे चालू असतानाचा रोध, जास्तीत जास्त साडेचार मिलीओहम. २० अँपिअरला उष्णतेचे दोन वॅटसुद्धा होत नाहीत. गरम झाल्यावर वाढतात, चालू-बंद होतानाचे (स्विचिंगचे) वेगळे, कबूल. पण त्यासाठी पंखा?

माझी चूक सांगतो. या मॉस्फेटच्या पाठीचा पत्रा म्हणजे ड्रेन, त्याच्या तीन टोकांपैकी एक. वरच्या तिघांचे ड्रेन बॅटरीच्या प्लसलाच असतात, म्हणून मी फार शहाणपणा करून ते थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवले आणि खालच्या तिघांखालीच वीज अडवणारे सिलिकॉन पॅड घातले, कारण त्यांचे ड्रेन फेजला असतात. भोकं घरी पाडली होती. एका भोकाच्या कडेला बर (ड्रिलनं उठलेली धातूची टोकदार कोर) राहिली, नखाला जेमतेम लागेल एवढी. स्क्रू आवळला की ती पॅडमध्ये रुतायची. थंड असताना मीटर गप्प. चढावर अर्धा तास चालवून लगेच बॅटरी काढली आणि त्या खालच्या मॉस्फेटचा ड्रेन ते हीटसिंक तपासलं, तर पीं! हीटसिंकवर प्लस, त्याला फेज चिकटलेली. खालचा मॉस्फेट ऑन झाला की बॅटरी सरळ शॉर्ट.

हे कळायला दोन महिने गेले, कारण ज्यांच्याकडून किट घेतला त्यांचा सर्व्हिस विभाग प्रत्येक मेलला "कूलिंग वाढवा" एवढंच कळवायचा. फोटो पाठवले, ते उघडलेही नसावेत. मी वेड्यासारखा दोन पंखे आणि किलोभर अ‍ॅल्युमिनियम घेऊन आलो. असो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. सहाही मॉस्फेट पॅडवर बसवा, स्क्रूला इन्सुलेटिंग बुश (वीज अडवणारी छोटी नळी) घाला. भोकावर मोठा ड्रिल बिट हातानं फिरवून बर काढा, मग पॉलिश पेपर. पॅडऐवजी अभ्रक वापरलात तर उष्णता नेणारी पेस्ट पातळ लावा, पोळीवर तूप लावल्यासारखी नको. सिलिकॉन पॅडला पेस्ट लागत नाही. पहिल्यांदा बॅटरी जोडताना १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. क्षणभर मिणमिणून विझला तर ठीक, पेटता राहिला तर शॉर्ट आहे. कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतील तर बदलून जास्त व्होल्टचे घालाच, ४८ व्होल्टची भरलेली बॅटरी ५४.६ ला असते आणि वर स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचे क्षणिक झटके, येतात. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत बघा, पण मॉस्फेट खात्रीच्या दुकानातूनच घ्या, नकली फार आहेत.

तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही. त्या फेजचा गेट ड्रायव्हर (मॉस्फेटला चालू-बंदचा इशारा देणारा भाग) किंवा गेटचा रेझिस्टर गेलेला असला तरी नेमका हाच मॉस्फेट जातो, तेही तपासा. जुना पॅड टाकून दिला नसेल तर खिडकीसमोर धरा. स्क्रूच्या भोकाशेजारी टाचणीएवढा उजेड दिसतोय का, तेवढं कळवा.