सुबाभूळ पचवणारा जिवाणू

प्रश्न : हिरवा चारा संपल्याने महिनाभर शेळ्यांना जवळजवळ निव्वळ सुबाभळीचा पाला घालतोय. आता केस झडतात, लाळ गळते. यावर एक जिवाणू उपयोगी पडतो असं ऐकलं. तो काय प्रकार आहे? – एक शेळीपालक, सांगोला

उत्तर : आजच सुबाभूळ पूर्ण बंद करा. कडबा, सुकं गवत द्या आणि शेळ्या पशुवैद्यकाला दाखवा. पाल्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य केसांच्या मुळाशी पेशींचं विभाजन रोखतं, म्हणून केस सुटतात. कोवळ्या शेंड्यांत ते सर्वांत जास्त. पाला चावताना आणि कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) मिमोसिनचं डीएचपी हे दुसरं द्रव्य बनतं. ते थायरॉईडचं काम बिघडवतं, गळ्याखाली गाठ येते, वजन घटतं. पाला उन्हात सुकवून मिमोसिन कमी होईलही, पण डीएचपी उरतंच. नुसतं आयोडीन देऊनही भागत नाही, कारण आयोडीन वापरण्याची क्रियाच अडलेली असते.

ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा, हवाईतल्या शेळ्यांना होत नसे. फरक कोटीपोटातल्या जिवाणूंचा असावा, असं ऑस्ट्रेलियातले संशोधक रेमंड जोन्स यांनी मांडलं. हवाईच्या शेळ्यांमधले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिल्यावर डीएचपी मोडू लागलं. त्या जिवाणूला 1992 मध्ये ‘सिनर्जिस्टीस जोन्सिआय’ असं नाव मिळालं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं, की काही जनावरांचं यकृत डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करतं. त्यामुळे जिवाणू हा एकमेव उपाय समजू नका.

शेळ्या सावरल्यावर पाला चिमूटभरापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. एकूण कोरड्या चाऱ्याच्या तीस टक्क्यांपलीकडे जाऊ नका. लाळ किंवा केसगळ दिसली की लगेच मागे या. ससे, घोडे, डुकरं यांना कोटीपोट नाही, त्यांच्यापासून हा पाला दूरच ठेवा.

प्रश्न : दही किंवा बाजारातली प्रोबायोटिक पावडर चालेल का? – तोच शेळीपालक

उत्तर : नाही. त्यातले लॅक्टोबॅसिलस किंवा यीस्ट डीएचपी मोडत नाहीत. सुबाभूळ नियमित खाणाऱ्या निरोगी शेळीच्या कोटीपोटातला द्रव देता येतो, पण नळी घालण्याचं काम पशुवैद्यकाचंच. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर शेळी दगावते.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात स्थानिक शेळ्यांमध्ये असे जिवाणू आहेत का हे तपासायचंय. काय सांभाळू? – विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : सगळ्यात आधी हवा टाळा. हा जिवाणू ऑक्सिजनमध्ये टिकत नाही. गरम पाण्याने धुतलेला थर्मास कोटीपोटातल्या द्रवाने काठोकाठ भरा, वर हवेची पोकळी राहू देऊ नका. प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडखाली मलमलने गाळा आणि 39 अंश सेल्सिअसला वाढवा. माध्यमात डीएचपी घाला, साखर नको. हा जिवाणू साखरेवर वाढत नाही, आर्जिनिन आणि हिस्टिडिन या अमिनो आम्लांवर वाढतो. साखर घातली तर बाकीचे जिवाणूच माजतात. प्रत्येक नमुन्यासोबत उकळून थंड केलेला तोच द्रव तुलनेसाठी ठेवा. त्यातही डीएचपी घटलं, तर ते जिवाणूंनी खाल्लेलं नाही. ते गाळात चिकटलंय किंवा मोजमाप चुकलंय. शेळी गेले कित्येक महिने सुबाभळीवर नसेल, तर हे जिवाणू इतके थोडे उरलेले असू शकतात की नमुन्यात सापडणार नाहीत. म्हणून प्रत्येक शेळीचा चारा आधी नोंदवा, मगच नमुना घ्या.