गेम खेळताना स्क्रीन काळी, आवाज मात्र चालू: मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांचा गेमिंग लॅपटॉप, घर कोल्हापुरात उद्यमनगरला. गेम सुरू केल्यावर १५-२० मिनिटांत स्क्रीन काळी पडते, आवाज येत राहतो, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. आणि दुकानदार लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड (सगळ्या चिप ज्यावर बसवलेल्या असतात तो मुख्य बोर्ड) बदला म्हणतोय.

इतक्यात मदरबोर्डवर पैसे घालू नका. आवाज चालू आहे, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम त्या क्षणी काम करत आहेत. संशय उरतो तो चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपवर, तिच्या ड्रायव्हरवर (ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), नाहीतर चित्र पडद्यापर्यंत नेणाऱ्या केबल-पॅनेलवर. अख्खा लॅपटॉपच फटकन बंद पडत असता, तर मी चार्जर आणि प्रोसेसरच्या तापमानापासून सुरुवात करायला सांगितलं असतं.

पुढच्या वेळी स्क्रीन गेली की लगेच पॉवर बटणाला हात लावू नका. आधी घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा, ती पुढे लागणार आहे. कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का पाहा; होत असेल तर लॅपटॉप आतून जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा; याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर ड्रायव्हर अडकला होता. नाही आलं तर खोलीतला दिवा घालवून मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. गेमचं चित्र अंधूक दिसत असेल तर चिप ठणठणीत आहे, पडद्यामागचा दिवा म्हणजे बॅकलाइट गेलाय. झाकण हळूहळू मागंपुढं केल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल तपासायला हवी. पण केबल काही गेमची वाट बघत बसत नाही, ती साधा व्हिडिओ बघतानाही त्रास देते. तुमच्याकडे फक्त गेममध्येच होतंय, म्हणून केबल मी यादीत शेवटी ठेवेन.

पंख्यांकडेही कान द्या. स्क्रीन जाताच पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागले, तर ग्राफिक्स चिपच काम सोडून बसली असण्याची शक्यता मोठी. कारण बहुधा उष्णता, नाहीतर चिपला मिळणारी वीज.

आता अंदाज सोडून आकडे बघू. 'एचडब्ल्यूइन्फो' (HWiNFO) हा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्राम फक्त सेन्सर्सच्या मोडमध्ये उघडा, दर २ सेकंदांनी लॉगिंग सुरू करा आणि गेम खेळा. स्क्रीन गेली तरी लॅपटॉप जिवंत असल्यामुळे नोंद बहुधा चालूच राहते. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून लिहून ठेवलेल्या वेळेच्या ओळीवर जा. ग्राफिक्स चिपचं तापमान आणि त्याशेजारी 'हॉट स्पॉट' (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) हा रकाना असेल तर तोही बघा. लॅपटॉपमधल्या बऱ्याच एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिप ८७ अंशांच्या आसपास वेग कमी करून स्वतःला आवरतात. हॉट स्पॉट १०-१५ अंश जास्त असणं नेहमीचं. फरक २५-३० अंशांचा असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) चिपला नीट टेकलेला नाही, असं समजा.

उद्यमनगरात असल्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. तिथल्या वर्कशॉपांमुळे हवेत ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा असतो. ही धूळ हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांत जाऊन बसते आणि बाहेरून पंखा स्वच्छ दिसला तरी आत नमद्यासारखा थर झालेला असतो. इचलकरंजीत हेच काम यंत्रमागाची कापसाची तूस करते. शिवाय लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, त्यामुळे ती बोर्डावर नुसती फुंकून पसरवणं धोक्याचं. त्यात मे महिन्यात खोली २५ ऐवजी ३८ अंशांवर गेली की चिपही साधारण तेवढीच वर सरकते.

साफ करताना आतली बॅटरीची पिन आधी काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने धूळ बाहेर ओढा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेलाचे थेंब असतात. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावताना चिपचा संपूर्ण चकचकीत भाग पातळ थराने झाकला पाहिजे, कारण लॅपटॉपच्या चिपवर वर धातूचं झाकण नसतं आणि उघडा राहिलेला कोपरा थेट तापतो. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे घ्या. १ मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही. काही मॉडेलांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, तो दिसला तर थांबा आणि जाणकाराकडेच द्या.

तापमान ७५ च्या आत असूनही स्क्रीन जात असेल तर गोष्ट वेगळी. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून इतिहास उघडा. तिथे हार्डवेअर एररखाली १४१ किंवा ११७ हा कोड दिसला तर ग्राफिक्स चिपने वेळेत उत्तर दिलं नव्हतं. मग इंटरनेट बंद करून, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डीडीयू (Display Driver Uninstaller) या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरचा घाला. चार्जर मूळचाच आहे ना? १८० किंवा २३० वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर गेममध्ये पुरत नाही.

यानंतरही तेच होत असेल तर गेम ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० चित्रांवर) बांधा आणि 'एमएसआय आफ्टरबर्नर' या प्रोग्राममध्ये ग्राफिक्स चिपचा वेग २०० मेगाहर्ट्‌झने उतरवा. तेवढ्याने तासभर नीट चालला तर चिप किंवा तिचा वीजपुरवठा कमकुवत झालाय, आणि त्या सेटिंगवर काही काळ काम भागू शकतं.

राजारामपुरी, शाहूपुरी, कुठल्याही दुकानात कुणी हीटगनने चिप तापवून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्याने बऱ्याचदा लॅपटॉप सुरू होतो, पण काही आठवड्यांत पुन्हा तीच गत होते आणि आजूबाजूचे भागही भाजून निघतात. वॉरंटी शिल्लक असेल तर काहीही न उघडता सर्व्हिस सेंटरलाच न्या. साफसफाई, ड्रायव्हर आणि चार्जर तिन्ही होऊनही १४१ हा कोड येतच राहिला, तरच मदरबोर्डचा विचार करा. तेव्हाही लॉगची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि जुना बोर्ड परत देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.