फॅक्टर फाइव्ह लायडन: गुठळी झालेल्या किती पेशंटमध्ये निघतं?

भावाच्या पायात रक्ताची गुठळी झाली, रिपोर्टात 'फॅक्टर फाइव्ह लायडन, हेटरोझायगस' असं आलं, असे पेशंट किती असतात आणि घरातल्या सगळ्यांनी तपासावं का, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यातली. अक्काच्या रिपोर्टात हेच नाव आलं होतं, म्हणून लिहिते. फॅक्टर फाइव्ह हे रक्त गोठवणारं एक प्रथिन. त्याच्या जीनमध्ये वारशानं येणारा एक बदल म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन. हेटरोझायगस म्हणजे जीनच्या दोन प्रतींपैकी एकीतच तो बदल आहे.

आकडा कुणाला मोजता त्यावर ठरतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ५ टक्के धडधाकट माणसांत हा बदल असतो. तिथल्याच पहिल्यांदा गुठळी झालेल्या पेशंटांत तो २० टक्क्यांपर्यंत सापडतो, आणि ज्या घराण्यात गुठळ्यांचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय तिथं त्याहूनही जास्त. आपल्याकडं भारतात प्रमाण बरंच कमी आहे. म्हणून हा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी वारशाचं कारण नाहीच, असं धरू नका. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही रक्त जास्त गोठू न देणारी प्रथिनं, त्यांची कमतरताही वारशानं येते. मात्र नुकती गुठळी झालेली असताना किंवा वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवायचं औषध चालू असताना या तपासण्या फसवतात. जीनची तपासणी कधीही चालते.

लायडन हे हॉलंडमधलं गाव. १९९४ मध्ये तिथल्या संशोधकांनी हा बदल शोधला. गुठळी पुरेशी झाली की प्रोटीन सी फॅक्टर फाइव्हला तोडून थांबवतं. बदललेला फॅक्टर नीट तुटत नाही, इतकंच. एकच प्रत असली की धोका तीन ते पाच पट वाढतो. पण मूळ धोकाच लहान असल्यानं बहुतेकांना आयुष्यभर गुठळी होत नाही.

अक्काला बाळंत होऊन अठरा दिवस झाले होते. डावी पोटरी गरम, टणक. आम्ही वात समजलो. शेजारच्या काकू तेल लावून चोळायला बसल्या. आईनं शिलाईच्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मापल्या, तीन सेंटिमीटरचा फरक निघाला, आणि तिनं चोळणं तिथंच थांबवलं. बेळगावला कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, मांडीपर्यंत गुठळी. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सगळ्यांत धोक्याचे, हे तेव्हा कळलं. आपल्याकडं बाळंतिणीला उठू देत नाहीत आणि पाणीही बेतानं देतात. माझं स्पष्ट मत आहे, हे सोडायलाच पाहिजे.

नंतर माझीही तपासणी झाली, माझ्यातही एक प्रत निघाली. आई-वडिलांपैकी एकात एक प्रत असली, तर ती मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. मला आजवर काही झालेलं नाही, औषधही चालू नाही. पण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मला वर्ज्य, आणि ऑपरेशन किंवा बाळंतपण असलं की डॉक्टरांना मी आधी सांगते. तुमच्या घरातही सगळ्यांची सरसकट तपासणी नको. बहिणी-भाच्यांपैकी जिला गोळ्या घ्यायच्या आहेत किंवा दिवस जायचे आहेत, तिच्यासाठी डॉक्टरांना आधी विचारा.

भावाचं औषध किती दिवस चालवायचं हे या एका रिपोर्टवर ठरत नाही. गुठळी कशानं झाली, ऑपरेशन झालं होतं का, नुसता बसून होता का, हे डॉक्टर बघतात. औषध मध्येच स्वतः बंद करू देऊ नका. आणि पाय परत सुजला, एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या.